मासळीच्या पिकअपचा हौदा : कोटिंग घरी मारायचं की स्प्रेवाल्याकडून करून घ्यायचं?

रत्नागिरीच्या एका तरुण गाडीमालकाचा प्रश्न आहे. "दादा, मिरकरवाड्यातून मासळी भरून आंबा घाटानं कोल्हापूरला येतो. पिकअप तीन वर्षांची आहे. हौद्याचा रंग कोपऱ्यांत सुटलाय, दोन-तीन ठिकाणी गंजाचे फुगे आलेत. स्प्रे कोटिंगवाला जो भाव सांगतो त्याच्या चौथाईत किट मिळतं, रोलरनं आपणच मारायचं. हौदा नऊ फूट बाय साडेपाच फूट, बाजू दीड फूट उंच. मासेमारी बंदीच्या दोन महिन्यांत गाडी उभीच असते. तेव्हा घरीच उरकून टाकू का?"

मी कोल्हापुरात गाड्यांच्या बॉडीचं आणि कोटिंगचं काम करतो. मासळीच्या गाड्या आमच्याकडं बऱ्याच येतात, त्यामुळं तुमचा हौदा न बघताही त्यात काय चाललंय याचा अंदाज आहे. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. हौद्याचा तळ आणि चारी बाजूंचा खालचा नऊ इंचांचा पट्टा स्प्रेवाल्याकडून करून घ्या. बाजूंचा वरचा भाग आणि फाळक्याचं बाहेरचं अंग घरी करा. गाडीच्या खालचं, म्हणजे चासीचं काम तर घरीच करा. आणि बंदीच्या दिवसांत किटला हात लावू नका.

किट आणि स्प्रे ही एकाच मालाची स्वस्त आणि महाग रूपं आहेत, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. तुमच्याच मापावर हिशेब करू. तळ साधारण ५० चौरस फूट, बाजू मिळून ४३-४४, एकूण ९३ चौरस फूट. म्हणजे सुमारे साडेआठ चौरस मीटर. चार लिटरचं किट एवढ्या जागेवर पसरलं, तर ओला थर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यातलं थिनर उडून गेल्यावर उरतो ०.३ मिलिमीटरच्या आसपास, पोस्टकार्डाएवढा. स्प्रेवाला जे पॉलियुरिया मारतो त्यात थिनर जवळजवळ नसतंच, जेवढं पडतं तेवढं राहतं. तळाला तीन आणि बाजूंना दोन मिलिमीटर धरले, तर त्याला २० ते २२ लिटर माल लागतो. गाडीचं वजन चोवीस-पंचवीस किलोनं वाढतं, ते तुम्हाला जाणवणारही नाही. आता सांगा, बर्फानं भरलेला क्रेट वरून आदळतो, पोरं तो ओढत फाळक्यापर्यंत नेतात, हे दिवसातून किती वेळा होतं? पोस्टकार्डाएवढ्या थराचं आयुष्य त्या ओढाओढीत किती असणार, हे मी सांगायला नको.

भाजी, किराणा, फर्निचर वाहणाऱ्या गाडीला मात्र हेच किट मी बिनधास्त सुचवतो. तिथं मार कमी, पाणी कमी आणि मीठ अजिबात नाही. दोन किट आणून चार कोट दिले तर गाडी चांगली राहते. तुमचा प्रश्न मिठाचा आहे.

मिठानं मलाही एकदा चांगलंच शिकवलंय, ते सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मासळीचीच एक पिकअप मे महिन्यात माझ्याकडं आली होती. प्रेशरच्या पाण्यानं धुतली, वायर ब्रश मारला, प्रायमर दिला आणि वर जाड कोट दिला. दिसायला सुरेख. गणपतीच्या आधी मालक परत आला तेव्हा तळाला लिंबाएवढे फोड आले होते. एक फोड कापला तर आतून तपकिरी पाणी वाहिलं. वरच्या कोटाला कुठंही भोक नव्हतं. मग पाणी आत गेलं कसं? कोणताही रंग पाण्याला शंभर टक्के अडवत नाही, वाफ अगदी सावकाश आत झिरपत असते. पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मीठ राहिलं असेल, तर ते ही वाफ धरून ठेवतं आणि विरघळतं. खारट पाणी आणखी पाणी ओढतं आणि थर खालून उचलला जातो. कोट जितका चिवट, तितका तो न फाटता फुगत जातो आणि खाली पत्रा निवांत सडत राहतो. त्या माणसाचं काम मी पुन्हा फुकट करून दिलं. त्यानंतर मासळीच्या गाडीचं मीठ निघाल्याची खात्री केल्याशिवाय मी प्रायमरचा डबा उघडलेला नाही.

ही खात्री करायला यंत्र लागत नाही. सगळा गंज खरवडून पत्रा उघडा करा, गोड्या पाण्यानं भरपूर धुवा, पुसून कोरडा करा आणि रात्रभर छपराखाली तसाच ठेवा. सकाळी ठराविक ठिपक्यांतच ओलसर डाग पडून ताजा नारिंगी गंज उठला असेल, तर तिथं मीठ आहे. पुन्हा घासा, पुन्हा धुवा. जुन्या खड्ड्यांना तीन-तीन वेळा धुवावं लागतं. बोअरचं पाणी खारं असेल तर ते वापरू नका. किनाऱ्यावरच्या वाड्यांत ही चूक हमखास होते, खारट पाण्यानंच मीठ धुतलं जातं.

तुमच्या हौद्यातल्या फुग्यांवर काहीही मारायच्या आधी छोट्या हातोडीनं तळ ठोकून बघा. टणटणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे. आवाज बद्द आला किंवा हातोडी दबली, तर तो तुकडा कापून नवीन पत्रा वेल्डिंग करावाच लागेल. हे काम कोटिंगच्या आधीच व्हायला हवं. एकदा पॉलियुरिया चढलं की वेल्डिंगच्या ठिणगीनं ते जळतं आणि त्याचा धूर विषारी असतो. शिवाय जळलेल्या कडेतून पाणी आत शिरायला वाट होते. सडक्या पत्र्यावर जाड कोट मारून मजबुती येते, असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून गाडी वळवा. त्यानं पत्रा मजबूत होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

आता बंदीच्या दिवसांचं. १ जून ते ३१ जुलै गाडी रिकामी असते, वेळ फुकट मिळतो, हा तुमचा विचार बरोबर आहे. पण कोकणात हवा सर्वांत ओली असते तीही याच दिवसांत. रोलरच्या किटमधला माल बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतो. त्यातला आयसोसायनेट नावाचा घटक पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पत्र्यावर ओल असेल तर तो वायू थरात अडकतो, फेस येतो, सुकल्यावर बारीक भोकं राहतात. वरून थर छान दिसतो, पण आतून चाळणी. रंगकामाचा नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. जूनमध्ये मिरकरवाड्यात पत्र्याचं छप्पर घातलं तरी हे जमणं अवघड. मीटर नसेल तर साधी खूण सांगतो. ओल्या फडक्यानं पत्र्यावर एक पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत तो कोरडा झाला तर काम करा, नाहीतर डबा बंद ठेवा.

पॉलियुरियाचं तसं नाही. त्याचे दोन घटक, एकीकडं आयसोसायनेट आणि दुसरीकडं अमाइनवाली रेझीन, यंत्रात ६५ ते ७५ अंशांपर्यंत तापवतात. मग ते २००० पीएसआयच्या वर दाबानं बंदुकीच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत गोठतात. हवेतल्या पाण्याला त्यात शिरायला वेळच मिळत नाही. पत्रा मात्र त्यालाही कोरडाच लागतो. म्हणून बंद शेड असलेला स्प्रेवाला जून-जुलैतही नीट काम करू शकतो. तुमच्यासाठी हा सर्वांत मोठा मुद्दा आहे, कारण गाडी उभी राहण्याचा खर्च तुम्ही हिशेबात धरलेला नाही. घरच्या कामाला धुणं, गंज काढणं, मीठ तपासणं, प्रायमर, दोन ते तीन कोट आणि वर पूर्ण पिकायला आठवडा, असे दहा-बारा दिवस सहज जातात. हवा कोरडी म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीत काढाल, तर ऐन हंगामातल्या दहा-बारा फेऱ्या बुडतील. त्या फेऱ्यांचा नफा मांडून बघा. किट आणि स्प्रे यांच्या भावातला फरक त्यात कधीच बुडून गेलेला दिसेल. स्प्रेवाल्याकडं गाडी तीन-चार दिवस राहते, तीही बंदीत. दुसऱ्या दिवशी माल भरता येतो, तरी मी दोन दिवस थांबायला सांगतो.

स्प्रेवाला म्हटला की काम चांगलंच होणार, असं मात्र समजू नका. यंत्र महाग असतं, माणूस घाईत असतो, आणि वाईट तयारीवर मारलेलं पॉलियुरिया रंगापेक्षाही वाईट फसतं. ते चिवट असल्यामुळं एका कोपऱ्यातून सुटलं की अख्खी चादर उचलून येते. भाव सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा : पत्र्याची तयारी कशानं करणार? "पॉलिशपेपर मारू" हे उत्तर नव्या गाडीच्या शाबूत रंगाला चालतं, ८० ते १२० नंबरच्या पेपरानं सगळी चमक घालवली तर पकड येते. तुमच्या गंजलेल्या भागाला ब्लास्टिंगच हवं, म्हणजे हवेच्या दाबानं कणांचा मारा करून गंज उडवणं. कोल्हापूरला हे सोपं आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमुळं इकडं ब्लास्टिंगवाले भरपूर. पण बिडाच्या कास्टिंगला जे जाड शॉट, म्हणजे लोखंडी गोळ्या, मारतात तेच हौद्याच्या पत्र्यावर सोडले तर पत्रा पापडासारखा वाकतो. गार्नेट किंवा कॉपर स्लॅगचे बारीक कण, कमी दाब आणि हात सतत फिरता, असं सांगून करून घ्या. कुणी साधी वाळू वापरत असेल तर तिथं काम देऊ नका. त्या धुळीनं माणसांची फुप्फुसं कायमची निकामी होतात.

दुसरा प्रश्न जाडीचा. "चौरस फुटाला किती?" या प्रश्नाला एकट्याला काहीच अर्थ नाही. "किती मिलिमीटरला, चौरस फुटाला किती?" असं विचारा आणि बिलावर मिलिमीटर लिहून घ्या. गाडी ताब्यात घेताना डीएफटी मीटर, म्हणजे सुकलेल्या थराची जाडी मोजणारा मीटर, मागा. लोखंडी पत्र्यावरचा थर तो लगेच मोजून दाखवतो. दहा जागा तुम्ही निवडा. कोपरे, फाळक्याच्या बिजागरीजवळची पट्टी, चाकाच्या उंचवट्याची कड. मधोमध सगळेच तीन मिलिमीटर देतात. ज्याच्याकडं मीटरच नाही त्याच्याकडं जाऊ नका, इतकं मी स्पष्ट सांगतो.

सांध्यांकडं विशेष लक्ष द्या. तळ आणि बाजू जिथं मिळतात तिथं दोन पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्यांचं वेल्डिंग केलेलं असतं, मधली फट उघडीच. मासळीचं पाणी या फटीत शिरून बसतं, तुमच्या कोपऱ्यांतला गंज तिथूनच आलाय. प्रायमर सुकल्यावर या सगळ्या फटी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरून घ्यायच्या आणि मग कोट मारायचा. सिलिकॉन चुकूनही नको, त्याला पुढचं काही चिकटत नाही. टायर चमकवायच्या स्प्रेतही सिलिकॉन असतं. काम चालू असताना तो शेडमध्येसुद्धा नको. आणि तळातली पाणी जायची भोकं बुजली नाहीत ना, हे स्वतः बोट घालून बघा. घाईत ती भरली जातात, आणि मग हौद्यात कायम इंचभर पाणी डुलत राहतं.

तळाचा पोत खूप खरखरीत घेऊ नका. विकणारा तोच सुचवतो, कारण फोटोत तो दणकट दिसतो. मासळीची खवलं आणि चिकटा त्या खडबडीत रवाळपणात अडकतो, धुऊनही वास जात नाही. अगदी गुळगुळीत घेतला तर ओल्या तळावर पोरांचे पाय घसरतात. बारीक रवा मागा. रंग काळ्याऐवजी करडा घ्या. स्वस्त पॉलियुरिया ॲरोमॅटिक जातीचं असतं, उन्हात ते फिकटतं, पांढरट होतं. ताकद फारशी जात नाही, पण काळ्यावर ते फार विद्रूप दिसतं. उन्हात न बदलणारं ॲलिफॅटिक महाग पडतं, मासळीच्या हौद्याला ते मी सुचवणार नाही.

नऊ इंचच का, असं विचाराल. क्रेटची कड घासते ती बाजूच्या खालच्या भागाला, आणि घाटाच्या वळणावर बर्फाचं पाणी उसळतं तेही साधारण तेवढंच. वरच्या पट्ट्याला मार नाही, फक्त शिंतोडे. म्हणजे ९३ ऐवजी ७१-७२ चौरस फुटांचेच पैसे स्प्रेवाल्याला द्यायचे. उरलेलं काम घरी, तेही दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. गाडी थांबवायची गरज नाही, एका वेळी एक बाजू धरा. जुना रंग पेपरानं घासा, डिग्रीजरनं दोनदा पुसा आणि फडकं दर वेळी बदला. उघडा पत्रा दिसेल तिथं इपॉक्सी प्रायमर द्या. कोट मारताना आधी ब्रशनं कडा, बोल्टची डोकी आणि वेल्डिंगचे टाके भरून घ्या, रोलर त्यानंतर. कडेवर रंग आपसूक पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून कडेला एक कोट जास्तीचा. चेकर प्लेटचे उंचवटे असतील तर त्यांच्या माथ्यालाही तेच. डब्यावर दोन कोटांमधलं जे अंतर दिलंय ते पाळा. उशीर झाला तर पुन्हा हलका पेपर मारल्याशिवाय दुसरा कोट धरत नाही.

इथं एक गोष्ट मनापासून सांगतो. दोन घटकांचं किट, ज्यात ७५० मिलीच्या बाटलीत २५० मिली हार्डनर घालतात, ते बंदुकीनं मारायची हौस घरी करू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतो. स्प्रेच्या धुक्यातून तो छातीत जातो, आणि साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की पुढं अगदी थोड्या वासानंही दम्याचा झटका येतो, आणि हे बरं होत नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक उत्तम पेंटर आज रंगाच्या शेडच्या दारात उभा राहू शकत नाही. व्यावसायिक लोक बाहेरून हवा पुरवणारा मास्क घालतात, तो घरी कुणाकडं असतो? रोलर किंवा ब्रशनं मारा, उघड्यावर मारा, हातमोजे घाला, रासायनिक वाफेचा काडतूसवाला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या अंगणात येऊ देऊ नका.

चासीला मात्र जाड कडक कोट नको. हौद्यातून गळणारं खारं पाणी चासीवर, पाट्यांवर, क्रॉस मेंबरवर पडतं. तिथं सगळं सतत हलतं, पिळतं. कडक थराला बारीक तडा गेला की पाणी त्याच्या मागं अडकतं आणि वरून काही कळत नाही. तिथं मेणाचं किंवा लॅनोलिनचं (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचं) मऊ कोटिंग हवं, जे तडकत नाही आणि ओरखडा पडला तरी थोडं सरकून भरून येतं. ते दर वर्षी द्यावं लागतं, म्हणून घरचंच काम. खाली झोपून दोन तास जातात. सायलेन्सर, ब्रेक ड्रम, प्रोपेलर शाफ्ट आणि रबरी बुश यांच्यावर ते उडू देऊ नका. गाडीवाले इंजिनचं काळं ऑइल चासीला फासतात, ते थांबवा. त्यानं रबर फुगतं, ब्रेकच्या होजची वाट लागते आणि पहिल्या पावसात ते सगळं रस्त्यावरून ओढ्यात जातं.

आणि हौद्यात रबरी मॅट किंवा प्लायवूड अंथरायचा विचार कोटिंगनंतरही करू नका. मॅटखाली खारं पाणी दिवसेंदिवस सुकत नाही, खाली अडकलेली वाळू प्रत्येक खड्ड्याला पत्रा घासते. अशा मॅट उचलल्यावर खाली तळच उरला नव्हता, अशा दोन गाड्या मी पाहिल्यात.

काम झाल्यावर रोजची फेरी संपली की गोड्या पाण्यानं धुवा, फाळका उघडा टाकून गाडी थोडी उतारावर लावा. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन चारी कोपरे, बिजागऱ्या आणि पाण्याची भोकं बघा. क्रेटच्या कोपऱ्यानं खोल ओरखडा पडला असेल, तर त्याच आठवड्यात तो घासून, धुऊन, सुकवून त्यात पीयू सीलंट दाबून भरा. तेवढ्यासाठी पुन्हा स्प्रेवाल्याकडं यायची गरज नाही.